शोकप्रस्ताव घेऊन कंधारला

मी काय शिकवत होतो असं कुणी विचारलं की मी 'मराठी' म्हणतो आणि मोकळा होतो. खरं उत्तर द्यायला गेलं तर चहा गार होतो. खरं उत्तर असं, की कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेल्या पोरापोरींना मी निबंध लिहायला शिकवत होतो, आणि निबंध लिहिता यावा म्हणून विचार करायला शिकवत होतो. यातलं पहिलं ऐकून लोक हसतात, 'निबंध तर शाळेतच झाला की!' म्हणतात. दुसरं ऐकलं की विषय बदलतात.

सुरुवातीची बारा वर्षं लातूरला आणि उरलेली सगळी नांदेडला, अशी माझी नोकरी झाली. लातूर हे मार्कांचं गाव. तिथल्या घरमालकानं मला खोली देताना आधी माझे बारावीचे मार्क विचारले, थोडा वेळ विचार केला आणि मग कुठं किल्ली काढून दिली. अशा गावात मी पहिल्याच महिन्यात पोरांना 'मी पाहिलेला अपघात' हा विषय दिला. बासष्ट वह्या आल्या. बासष्ट जणांनी एकच अपघात पाहिला होता. हिरवा ट्रक, शाळकरी मुलगा, लाल दप्तर, बघ्यांची गर्दी, आणि शेवटी 'त्या माउलीचा आक्रोश आजही माझ्या कानांत घुमतो'. तो औशाच्या पोराच्या कानांत घुमत होता आणि उदगीरच्या पोरीच्याही. मी वर्गात विचारलं, "हा अपघात नेमका झाला कुठं?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "पान एकेचाळीस, सर."

पोरं लबाड नव्हती. गाईडमधला निबंध पाठ करायचा, परीक्षेत उतरवून काढायचा, हेच त्यांना दहा वर्षं शिकवलं होतं, आणि जो जास्त जसाच्या तसा उतरवेल त्याला जास्त मार्क. एका हुशार मुलानं तर मला स्टाफरूममध्ये गाठून अदबीनं विचारलं होतं, "सर, 'तुझं मत काय' असा प्रश्न तुम्ही विचारता, त्याचं उत्तर कोणत्या पुस्तकात मिळंल?"

तेव्हा मी एक पद्धत काढली. फळ्यावर तीन रकाने आखायचे: पाहिलं, ऐकलं, वाटलं. निबंधातलं प्रत्येक वाक्य यांपैकी एका रकान्यात बसलं पाहिजे. वह्या तपासताना मी समासात 'पा', 'ऐ' किंवा 'वा' असं लिहायचो. जे वाक्य तिन्हींत बसत नाही ते गाईडचं, त्यावर काट. पुढं गाईडं गेली आणि मोबाईल आला, पण रकाने तेच राहिले. आमच्याकडच्या माळरानावरच्या एका पोरानं आपलं गाव 'हिरव्यागार डोंगरांच्या कुशीत, खळखळत्या झऱ्याकाठी' वसवलं होतं. मी म्हणालो, "अरे, तुझ्या गावाला तर उन्हाळ्यात टँकर येतो."

"हाव, सर."

"मग हा झरा?"

"त्यो मोबाईलनं आणला."

पोरं माझ्या माघारी मला 'पाऐवा सर' म्हणायची. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, ऐकीव गोष्टीवर उडी मारायची नाही, अंदाजाला सत्य म्हणायचं नाही, हे मी इतकी वर्षं इतक्या ठसक्यात सांगत आलो, की ते मलाही लागू आहे हे माझ्या डोक्यातून पार निघून गेलं. त्याचं फळ मला निवृत्तीच्या जरा अलीकडे कंधार तालुक्यातल्या एका मांडवात मिळालं. तेच आज सांगायला बसलोय.

त्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गात वर्षा सोपान गिते नावाची मुलगी होती. कंधारच्या पलीकडच्या एका खेड्यातून आलेली, हॉस्टेलला राहणारी, दुसऱ्या बाकावर बसून सगळं टिपून घेणारी. मी खोकलो तरी ती लिहून घेते की काय, असं वाटायचं. दिवाळीनंतर मी 'माझ्या घरातलं एक माणूस' हा विषय दिला. गाईड नाही, मोबाईल नाही, वर्गात बसून माझ्यासमोर लिहायचं.

मग कॉलेजात तपासणीची समिती आली, भिंतींना रंग लागला, आम्ही सगळे फायली सजवत बसलो आणि वह्या पंधरा दिवस तशाच पडून राहिल्या. समिती गेल्यावर मी त्या उघडल्या. वर्षानं वडिलांवर लिहिलं होतं. वडिलांची पिठाची गिरणी. ते पीठ दोन बोटांत चोळून ज्वारी कुणाच्या शेतातली ते सांगायचे. घरात आले की आधी दोन्ही हात झटकायचे आणि मगच लेकरांना हात लावायचे. तिच्या बारावीच्या परीक्षेत त्यांनी दुपारची गिरणी बंद ठेवली, तर गिऱ्हाइकं दारात उभी राहून शिव्या घालत होती. आणि मग हे वाक्य होतं: 'बाबांच्या भुवया कधी पिकल्या ते आम्हाला कळलंच नाही, आम्हाला वाटायचं पीठ आहे.'

शेवटी लिहिलं होतं: 'एक दिवस गिरणीचा पट्टा थांबला. आता बाबा नाहीत.'

मी हळवा माणूस आहे. बायको म्हणते, बातम्या लागल्या तरी मी डोळे पुसतो. मी त्या वहीवर डोळे पुसले, दहापैकी नऊ मार्क दिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन वर्षाला शोधलं. ती नव्हती. आठ दिवसांपासून नव्हती. तिच्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "घरून फोन आलता सर, घाईघाईनं गेली. घरी कार्यक्रम हाय म्हनं, लई पावणे आलेत."

माझ्या डोक्यात सगळं लख्ख जुळलं. घरून फोन, घाई, पाहुणे, कार्यक्रम. निबंध लिहिताना वडील आजारी असतील, पोरीनं पुढचं ओळखून लिहिलं असेल, किंवा कदाचित आधीच गेले असतील आणि बिचारी हॉस्टेलला कुणाला काही न बोलता राहिली असेल. मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी शोकप्रस्ताव करायला सांगितला आणि वर म्हणाले, "तुम्ही मराठीचे आहात, भाषा जरा चांगली वापरा." मी वापरली. कॉलेजच्या लेटरहेडवर टाईप करून, प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का घेऊन तो कागद लांब पाकिटात घातला आणि रविवारी आमचे शिपाई गफूरभाई यांना घेऊन कंधारच्या बसमध्ये बसलो. वर्षाची वहीही खांद्यावरच्या शबनम पिशवीत टाकली होती. म्हटलं, तिच्या आईला देऊ, आठवण म्हणून जपून ठेवतील.

आपल्याकडे कुणाच्या घरी दुःख झालं की भेटायला जावं लागतं. नाही गेलं तर माणूस जन्मभर लक्षात ठेवतो. पण गफूरभाईंना हे प्रकरण पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. लोह्याच्या पुढं त्यांनी विचारलं, "सर, पक्का मालूम है ना? कोनी सांगितलं आपल्याला?"

"गफूरभाई, सगळं जुळतंय."

"जुळतंय हो. पण कोनी सांगितलं?"

मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

कंधारला उतरून ऑटो केला. गावात शिरलो तर एका घरासमोर मांडव. दारातच एक न्हावी आपली पेटी उघडून वस्तरा परजत बसलेला. मी गफूरभाईंकडे पाहिलं. बघा, म्हटलं. मांडवात बाया दाटीनं बसलेल्या, आतून रडण्याचा आवाज येत होता. आवाज लहान लेकराचा होता हे मला ऐकू आलं होतं, पण लेकरालाही दुःख असतं की, अशी मी मनाची समजूत घातली. एका बाजूला मोठ्या कढया चढलेल्या होत्या.

गफूरभाई कानाशी लागले, "सर, मयतीच्या घरी जिलेबी तळतेत का?"

"तेरावा असेल. तेराव्याला गोड करतात," मी म्हणालो.

त्यावर गफूरभाईंना बोलता येईना, कारण तेराव्याला खरंच गोड करतात. चुकीचा निष्कर्ष असाच असतो, त्याच्या अंगावर बरोबर गोष्टींची झूल असते.

मांडवाच्या तोंडाशी पांढरी टोपी, नवा सदरा घातलेला एक पन्नाशीचा माणूस आल्यागेल्याला या-बसा म्हणत होता. घरातला जबाबदार माणूस दिसला म्हणून मी पुढं झालो, त्याचे दोन्ही हात हातांत घेतले आणि घोगऱ्या आवाजात म्हणालो, "फार वाईट झालं हो. काय वय होतं का हे?"

तो गोंधळला, पण रीतीचा माणूस. म्हणाला, "व्हय जी, या, बसा. कुनाचं म्हनलात?"

"सोपानरावांचं."

"सोपान तर मीच की."

त्याचे दोन्ही हात अजून माझ्या हातांत होते. चांगले गरम, घट्टे पडलेले, जिवंत हात. मी ते सोडायला विसरलो.

नंतर कळलं ते असं. सोपानरावांची थोरली मुलगी नंदा, तिच्या एक वर्षाच्या मुलाचं जावळ होतं. पहिले केस मामाच्या मांडीवर काढायचे म्हणून कार्यक्रम आजोळी. त्यासाठी न्हावी, त्यासाठी पाहुणे, त्यासाठी जिलेबी. आणि रडत होतं ते ज्याचे केस जाणार होते ते.

"कुठले पावणे म्हनायचे?" सोपानरावांनी विचारलं.

"नांदेडचा. वर्षाच्या कॉलेजचा. सर आहे मी तिचा."

'कॉलेज' म्हटल्याबरोबर त्या माणसाचा चेहरा असा मिटला की मी दचकलो. "कॉलेजचे? कामून आलात?"

"सहज. जावळाला," मी म्हणालो. पुराव्यावाचून बोलू नका असं तीस वर्षं सांगणाऱ्या माणसानं भर मांडवात मारलेली ही पहिली थाप. "वर्षानं बोलावलं होतं."

इतक्यात वर्षाच पाण्याचा तांब्या घेऊन आली. मला पाहून तिनं पाणी मांडवातल्या सतरंजीवर सांडलं. मग तिची नजर गफूरभाईंच्या हातातल्या लांब पाकिटावर, त्यावरच्या कॉलेजच्या छापील नावावर गेली. सोपानराव कढईकडं बोलावणं आलं म्हणून गेले, तशी ती मला गिरणीच्या भिंतीआड घेऊन गेली.

"सर, त्ये पाकीट लपवा. पाया पडते."

"आधी हे सांग, तू वडिलांना मारलंस कशाला?"

"त्ये मग सांगते. बाबानं मला कॉलेजला घालतानाच सांगितलंय, कॉलेजातून एक जरी कागद आला का नाव काढून आननार. नंदाताईचं तसंच झालं. तिच्या कॉलेजातून कागद आलता, हजेरी कमी हाय, पालकांनी भेटावं. बाबाला वाटलं पोरगी कॉलेजला जाते म्हनून कुठं भलतीकडंच जाती. ती मायला बरं न्हाई म्हनून घरीच ऱ्हायलती, कुनी इचारलंच न्हाई. त्याच उन्हाळ्यात लगीन लावून दिलं तिचं."

मला आता पाकिटातल्या कागदाचं वजन कळायला लागलं. पण मास्तरकी जित्याची खोड. मी पुन्हा विचारलं, "पण वर्षा, जित्या माणसाला..."

"सर, दिवाळीच्या आधी तुमी तीन निबंध लिव्हून घेतले. मी समद्या वर्गाचे मार्क उतरून काढले. ज्याच्या निबंधात कुनी वारलं त्याला आठच्या वर. ज्याच्या निबंधात समदे जिते, त्याला पाच, लई झालं तर साडेपाच. एकानं म्हैस मारली, त्याला बी साडेसात दिले तुमी." ती थांबली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "तुमीच म्हनता ना, पुरावा बघा."

माझ्या आयुष्यात माझ्यावर इतका नीट लिहिलेला निबंध कुणी लिहिला नसेल. मला ती म्हैस आठवली. खरंच साडेसात दिले होते. तिच्या मागच्या निबंधाला, गावच्या बाजारावरच्या, मी पाच दिले होते, कारण त्यात सगळे धडधाकट होते.

आम्ही परत मांडवात आलो तेव्हा गफूरभाई पाकीट पाठीमागं धरून ताठ उभे होते आणि सोपानराव त्यांच्यासमोर हात पुढं करून उभे होते.

"कागद आनलाय म्हनं तुमी. द्या."

"तसं काही नाही हो, कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं आमंत्रण..." ही माझी दुसरी थाप.

"द्या की मग. आमंत्रन कामून लपवून राहिलेत?"

गफूरभाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली, त्यांनी पाकीट दिलं. सोपानरावांनी खिशातून चष्मा काढला, कागद हातभर लांब धरला आणि गिरणीवाल्याच्या मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून वाचायला लागले.

"आमच्या महाविद्यालयाची... गुणी विद्यार्थिनी... कुमारी वर्षा हिचे वडील... कै. सोपानराव गिते..." ते थांबले. "कै. म्हंजी काय?"

न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "मालक, गेल्याला लावतेत त्ये."

सोपानरावांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुढं वाचलं. "...यांच्या दुःखद निधनाने... गिते परिवारावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. एक सरळ, कष्टाळू व कुटुंबवत्सल व्यक्तिमत्त्व... काळाच्या पडद्याआड गेले. ईश्वर मृतात्म्यास... चिरशांती देवो." मग सही, मग शिक्का.

कुणाला हसावं की काय करावं कळेना. बायांमधून एकजण म्हणाली, "अगं माय वं, अभद्र!" न्हावी म्हणाला, "मालक, मंग आज माझं काम वाढलं का?" आणि तेव्हा मांडवाच्या मागच्या बाजूनं पहिलं खुसखुसणं ऐकू आलं.

सोपानराव हसले नाहीत. "हे कुनी सांगितलं तुमाला, सर?"

मी तिसरी थाप शोधत होतो. कारकुनाची चूक, नामसाधर्म्य, असलं काहीतरी. तेवढ्यात वर्षा पुढं आली. बोलली ती सरळ.

"बाबा, सरांची चूक न्हाई. मीच मारलं तुमाला. निबंधात."

"कामून?"

"मार्कासाठी."

"किती मार्काचा सवाल व्हता?"

"चार, बाबा."

"चार मार्कासाठी बाप मारला व्हय," सोपानराव म्हणाले, आणि आता मात्र सगळा मांडव फुटला. आमचे गफूरभाईसुद्धा तोंडाला रुमाल लावून वळले. मी एकटा हसू शकत नव्हतो, कारण मला माहीत होतं की या पोरीचं कॉलेज आता त्या हातातल्या कागदाला लटकलंय.

"कुठं हाय त्यो निबंध?"

मी शबनममधून वही काढली. सोपानराव मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि वाचू लागले, या वेळी मनात, फक्त ओठ हलत होते. लोक हळूहळू बोलायला लागले, जिलेबीचा घाणा निघाला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. एका ठिकाणी ते थांबले. मग त्यांनी अंगठा उचलला आणि डावी भुवई चोळली, मग उजवी, आणि अंगठ्याकडं पाहिलं. अंगठ्याला काही लागलेलं नव्हतं. जावळ म्हणून सकाळीच न्हाऊन नवे कपडे घातले होते त्यांनी, आणि भुवया पांढऱ्याच होत्या.

वही मिटून ते म्हणाले, "ह्यात एक चूक हाय. पट्टा थांबत न्हाई. पट्टा तुटतो."

"हाव, बाबा," वर्षा म्हणाली.

"किती दिले, सर?"

"नऊ."

"आन् आता मी हाय म्हनल्यावर? कमी करनार का?"

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतका अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कारण खरं उत्तर मला ठाऊक होतं. हाच निबंध, ह्याच भुवया, हेच हात झटकणं, पण शेवटी बाबा गिरणीत धडधाकट उभे, असा तो माझ्याकडं आला असता तर मी सहा दिले असते. समासात 'चांगला प्रयत्न' लिहिलं असतं.

"नाही. नऊच," मी म्हणालो.

"लिव्हून द्या."

दुसरा कागद जवळ नव्हता. मी शोकप्रस्तावच उलटा केला, न्हाव्याच्या पेटीवर ठेवला आणि लिहिलं: 'मागील बाजूचा ठराव रद्द. श्री. सोपानराव गिते हयात व सुखरूप आहेत. कु. वर्षा हिचे निबंधाचे गुण नऊ, कायम.' खाली सही केली, तारीख घातली. सोपानरावांनी तो वाचला, चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "कॉलेजातून कागद आला का नाव काढनार, आसं बोललो व्हतो मी हिला."

वर्षानं माझ्या बाहीचं टोक धरलं होतं, तिलाही कळलं नसेल.

"पर ह्यो कागद तर माझ्या नावानं आलाय. हिच्या नावानं कुठं हाय?" सोपानराव म्हणाले. "मंग हिचं नाव कामून काढायचं? जाऊ द्या. जेवायला बसा, सर."

मांडवानं सुटकेचा निःश्वास टाकला. मी मनात म्हटलं, काय हा माणूस! स्वतःच्या तोंडून गेलेला शब्द न मोडता त्यातून वाट काढली. उद्या वर्गात हे उदाहरण द्यायचं. गफूरभाई तर बसायला जागाही शोधू लागले.

तेव्हा घराच्या उंबऱ्यातून आवाज आला. "बाबा."

थोरली नंदा होती. कडेवर लेकरू. त्याचे केस अजून काढायचे होते. तिचा आवाज चढलेला नव्हता, भाकरी झाली का विचारावं तसं ती बोलली.

"माझ्या येळचा कागद बी तुमच्याच नावानं आलता की. 'प्रति, श्री. सोपानराव गिते.' मीच वाचून दाखवला तुमाला. तुमचा चष्मा गिरणीत ऱ्हायलता."

कढईत तेल तडतडत होतं तेवढाच आवाज. सोपानरावांचा हात खिशातल्या कागदावर गेला आणि तिथंच राहिला. मला वाटलं, आता रागावतील. ते पायऱ्या चढून तिच्याजवळ गेले, दोन्ही हात झटकले, हातांना काही नव्हतं तरी झटकले, आणि तिच्या कडेवरचं लेकरू घेतलं. "तू बस आदी, जेव," एवढंच म्हणाले. नंदा बसली नाही. ती आत गेली.

जिलेबी चांगली झाली होती. मी एकच खाल्ली आणि उठलो. परतीच्या बसमध्ये एकदाच गफूरभाई म्हणाले, "ती मोठी पोरगी लई हुशार है, सर." मी हो म्हणालो.

वर्षा चार दिवसांनी कॉलेजला आली, पुढं पदवी घेऊन बाहेर पडली. तो निबंध तिनं मला परत लिहून दिला, शेवटी वडील जिवंत ठेवून आणि पट्टा तोडून. तो आधीच्यापेक्षा चांगला होता. मी त्या वर्षीच्या सगळ्या वह्या पुन्हा मागवून घेतल्या आणि जित्या माणसांचे मार्क वाढवले. म्हशीचे कमी केले नाहीत, पोरगा नाराज झाला असता.

पण मला सांगायचं आहे ते सोमवारचं. सोमवारी मी कॉलेजात गेलो तर टेबलावर पत्रांचा गठ्ठा सहीसाठी ठेवलेला होता. पहिल्या वर्षाचा वर्गशिक्षक म्हणून दरवर्षी तो माझ्याकडं यायचा. 'आपला पाल्य सतत गैरहजर असून, पालकांनी समक्ष भेटावे.' छापील मजकूर, वर कारकुनानं भरलेलं नाव, खाली माझी सही. दहा मिनिटांचं काम, बहुतेक मी चहा पिता पिता उरकायचो. वरून पाचवं पत्र होतं: 'प्रति, श्री. सोपानराव गिते.' वर्षा आठ दिवस आली नव्हती ना.

गफूरभाई दारात उभे होते, टपाल न्यायला. "सर, टाकू का?"

"नाही. यातल्या पोरींना एकेक करून माझ्याकडं पाठवा," मी म्हणालो. "आधी विचारू, का आल्या नाहीत."

त्या दिवशी अकरा जणी आल्या. कुणाची आई आजारी होती, कुणाच्या गावची बस बंद पडली होती, एक नुसतीच कंटाळली होती. निवृत्त होईपर्यंत मग मी तसंच केलं. त्याआधीच्या वर्षांत अशा किती पत्रांवर सह्या केल्या ते मला आठवत नाही. माझी सही फार वळणदार आहे. नंदानं बापाला वाचून दाखवलेल्या कागदावर कुण्या दुसऱ्या मास्तराची होती, पण तीही अशीच, चहा पिता पिता केलेली असणार.